आठ बोल्ट आणि इशिदा-सानचे इलेक्ट्रोड

गेल्या आठवड्यात इथे लिहिलं होतं की आमच्या फ्युएल सेलचे नवे इलेक्ट्रोड कच्चे निघाले. ते चूक आहे. इलेक्ट्रोड उत्तम आहेत... बिघडवत मी होते.

जपानमधल्या त्सुकुबाच्या आमच्या लॅबमध्ये इशिदा-सान इलेक्ट्रोड बनवतात आणि मी ते सेलमध्ये बसवून हायड्रोजनवर चालवून बघते. लागोपाठ तीन सेल ढेपाळले. थोडी वीज घेतली तर ठीक, जास्त मागितली की व्होल्टेज धाडकन खाली.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'इलेक्ट्रोडवरचा लेप सदोष'. त्यावरून इशिदा-साननी दोन वर्षं खपून बसवलेली लेपाची पद्धत बंद करायचं घाटत होतं.

काल चौथा सेल जोडताना ते शेजारी येऊन उभे राहिले. मी टॉर्क रेंचने आठही बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळले. मग सवयीने साधा पाना उचलला...

"हा कशाला?"

"लीक नको म्हणून. थोडंसंच आवळते."

"रोज?"

"रोज सकाळी," मी म्हणाले आणि माझेच कान तापले.

त्यांनी पाना खाली ठेवायला लावला आणि आम्ही एक जुना सेल उघडला. इलेक्ट्रोडमागे कार्बन पेपर असतो. त्याच्या छिद्रांतून हवा आत जाते, तयार झालेलं पाणी बाहेर पडतं. तो पार चेपला होता. पाणी तुंबलं, हवा अडली... इलेक्ट्रोड बिचारा काय करणार!

चौथा सेल जास्तीचं न आवळता चालवला. लीक नाही, आणि संध्याकाळपर्यंत व्होल्टेज जागचं हललं नाही. इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीतच बसून राहिले.

"मला वाटत होतं, माझाच हात बिघडला," इशिदा-सान हळूच म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारच्या मीटिंगमध्ये 'मोजणीतली चूक' एवढंच सांगा. पुरे."

माझा नवरा मंदार टोकियोच्या ऑफिसमधून घरी आला, ऐकून खो खो हसला. "घरातून निघताना गॅसचं बटण चारदा बघणारी तू... तो सेल वाचणार होता होय?"

चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. चुकलेलं उत्तर पुसायला बंदी होती. एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. म्हणून गेल्या आठवड्यातली ती पोस्ट काढलेली नाही.

इशिदा-सानचा चांगुलपणा मोठा, पण 'मोजणीतली चूक' म्हटलं तर ती कुणाची हे कळणार नाही. बोल्ट मी आवळले, हे मी सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगणार आहे... येत्या सोमवारी, सकाळी दहा वाजता.