परमिट रूमच्या भिंतीवरचं शीड

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्याची बाजू शोधत बसणार नाही.

ठरलं होतं ते साधं होतं. वडील नगरपालिकेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिवंडीच्या नारपोलीत कापड विणायचे चार जुने लूम घेतले आणि वर्षभरात अंथरूण धरलं. भावाला मुंबईला चित्रकला शिकायची होती. मला एका रंगाच्या कंपनीत फिरतीची नोकरी मिळत होती. महिन्यातले वीस दिवस नवीन गावं. "दोन वर्षं तू लूमची शेड बघ," भाऊ आईसमोर म्हणाला. "मग मी येतो, तू जा." तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बाविशीचा होतो.

दोनाची पाच वर्षं झाली. मुंबईहून पत्र यायचं, शिक्षण लांबलंय, जरा थांब. मी थांबलो, आणि नुसता बसलो नाही. चाराचे बारा लूम केले, व्यापाऱ्यांशी भांडून केले. पण जितके लूम वाढले तितका मी आत गेलो. सुताची तार तुटली, वीज गेली, कामगार गावाला गेला, प्रत्येक वेळी हाक मलाच. तो खडखडाट घरी जेवतानाही कानात चालू असायचा. शेड फक्त शुक्रवारी बंद. त्या दिवशी सकाळी चपला घालायच्या आणि चालत सुटायचं. परत मात्र बसने, कारण शनिवारची पहिली पाळी मालकाशिवाय सुरू होत नाही.

चालताना गावं कळतात. पंक्चरवाल्याच्या पत्र्यावर रंगवलेला वाघ, ट्रकच्या मागचे मोर, सलूनच्या दारावरचा नट, ज्याचा एक डोळा कायम मोठा. पडघ्याला हायवेवर परमिट रूम होत्या. मी आत जायचो तो एका बिअरपुरता, पण बसायचो भिंतींसाठी. बाहेर ट्रकची धूळ, आत अंधारी खोली आणि त्यात भिंतभर समुद्र. लाटांवर गलबत, वाऱ्याने फुगलेलं शीड. दोन महिन्यांत तसंच गलबत मला आणखी दोन ठिकाणी दिसलं. हात एकाच माणसाचा होता. मी त्याचा माग काढत हिंडायला लागलो. त्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती.

तिसऱ्या ठिकाणी भिंतीला लागून बसलो होतो म्हणून दिसलं. शिडाच्या कापडात वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ होती. ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतातली, तार तुटली आणि विणणाऱ्याने ती न जोडता लूम चालवला की कापडात अशी रेघ पडते. आमच्या जुन्या तिसऱ्या लूमवर ती हमखास पडायची. "रेघ? कुठाय रेघ?" असं व्यापाऱ्याच्या तोंडावर म्हणून मी ते कापड खपवलेलं. दुसरा कुठलाही पेंटर शीड रंगवताना कापडाचा दोष कशाला काढेल? ज्याने आमच्या शेडमध्ये वर्षभर तेच कापड पाहिलंय, त्याला कापड असंच दिसतं.

मालकाला विचारलं, "हे कुणी काढलं?"

"पेंटर हाय एक."

"राहतो कुठे?"

"तुला कशाला रं? घर रंगवाचाय? कुठशी आयलास?"

"भिवंडीहून. चालत."

"चालत?" तो गल्ल्यामागून वाकून माझे पाय बघायला लागला. "बस बंद हाय का डोका बंद हाय?"

मी उठलो नाही. दुसरी बिअर मागवली, त्याच्या मासळीची तारीफ केली, समुद्राला नावं ठेवली. शेवटी तोच चिडून म्हणाला, "न्हाय आवडला तर त्यालाच जाऊन सांग. वज्रेश्वरीला नवीन बार रंगवतोय."

पुढच्या शुक्रवारी गेलो. भाऊ शिडीवर होता, पाठमोरा. केस विरळ झालेले.

"मुंबई जवळ आली वाटतं," मी म्हणालो.

तो दचकला नाही. खाली उतरला, हात पुसले. "कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं," म्हणाला. "पत्रं मित्राकडून टाकून घ्यायचो."

"आणि दोन वर्षं? माझी पाळी?"

"बाबांनीच सांगितलं, परत येऊ नकोस. तू आलास तर धाकटा जाईल. सौदा त्यालाच जमतो, तोच राहिला पाहिजे." आणि वर, "खरंच आहे ना? मी शेड बुडवली असती."

मी निळ्या रंगाचा डबा उचलला आणि अख्खा भिंतीवर फेकला. आतून मालक शिव्या देत धावत आला. भाऊ म्हणाला, "वाळायच्या आत पुसायला पाहिजे," आणि फडकं घेऊन कामाला लागला. माझ्याकडे पाठ करून.

मी संध्याकाळच्या बसने परत आलो. दुसऱ्या दिवशी सात वाजता लूम सुरू केले. पुढेही तेच करत राहिलो. त्यानंतर काही वर्षांनी वडील गेले. त्यांना मी विचारलं नाही, अंथरुणातल्या माणसावर माझा आवाज चढला नाही. हे माझं चुकलं असेल.

पण भाऊ धडधाकट आहे. तेराव्याला आला, जेवला, गेला. दादा, मला जमतं म्हणून मलाच कोंडायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवलंत. तेव्हा मला एकदा तरी विचारावं असं तुला का वाटलं नाही? ये, नारपोलीत ये, लूम चालू असताना समोर उभा राहा आणि उत्तर दे.