नारो बिन गणू

प्रिय रेवा आणि ईशान,

गणू कधीच हरवला नव्हता.

रेवा, परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, एका साइटवर आपल्या घराण्याबद्दल लिहिलंय की दोन भाऊ गावातून निघाले आणि गणू वाटेत हरवला. मग तो पुढे सापडला का?" तू ते शाळेच्या प्रकल्पात लिहिण्याआधी सांगून टाकते. गणूला मी हरवलं. आणि तेही मराठी न समजल्यामुळे.

ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा घरात नीट लावून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या होत्या (एका डब्यावर 'इतर' अशीही). मग मी पूर्वज लावायला घेतले. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना जागा लागणार नव्हती, एवढाच काय तो विचार केला.

तुमच्या आजोबांचं गाव शीळफाट्याजवळचं. स्वतःच्या आजोबांचं नाव नारो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याच्या आधी कोण, असं विचारलं की म्हणायचे, "असेल कोणीतरी. त्याशिवाय नारो आला का?"

मी कल्याणच्या कचेरीत खेटे घालून जुन्या नोंदीची नक्कल मिळवली. ती मोडीत. ठाण्यात मोडी वाचणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी ती देवनागरीत उतरवून दिली. म्हणाले, "जसं आहे तसं लिहिलंय. अर्थ समजावून सांगू का बाई?"

"मराठी येतं मला," मी म्हणाले.

कागदावर दोनच ओळी आमच्या कामाच्या होत्या. वर 'नारो बिन गणू' आणि खाली 'चंद्री कोम नारो'.

पहिली ओळ मला सरळ वाटली. बिनसाखरेचा चहा, बिनपगारी रजा, तसा बिन गणू नारो. म्हणजे गणू नावाचा कोणीतरी नारोबरोबर असायला हवा होता आणि नव्हता. सरकारने नोंद घ्यावी इतका नव्हता. अर्थात भाऊ. दुसऱ्या ओळीतला 'कोम' म्हणजे मला मटकीला फुटतो तो कोंबच माहीत. चंद्री कोम हे शेजारच्या कोणा बाईचं नाव-आडनाव असेल असं ठरवून मी पेन्सिलीने फुली मारली.

त्याच आठवड्यात मोहन्याहून आत्याबाई आल्या. आजोबांची सख्खी आत्या, म्हणजे नारोची मुलगी. अक्षरओळख नाही, पण नजर अशी की डब्यावरची चिठ्ठी न वाचता जिरं काढतील.

"काय लिवतंस गो सुनबाय?"

"वंशावळ, आत्याबाई. घराण्यातल्या सगळ्यांची नावं."

"मंग त्यान माजे आयचा नाव घावला का?"

त्यांची आई त्या रांगत असतानाच गेलेली. फोटो नाही, आणि नावही कोणी कधी उच्चारलेलं नाही. घरात सगळे तिला 'नारोची बायको' म्हणत. विचारायला सुचलं तेव्हा ज्यांना माहीत होतं ती माणसंच संपली होती. सत्तरी उलटलेली ही बाई आईला हाक मारायची तर कोणत्या नावाने, या प्रश्नाशी अडून बसली होती.

"वंशावळीत बायका नसतात," मी म्हणाले.

"ह्यो नेम कोनाचा?"

"पद्धतच असते तशी." (नियम माझाच होता. बायका घातल्या तर फूलस्केप कागद पुरत नव्हता.)

"बरा. पन बघ. घावला त मना सांग," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप मोडीवाल्यांच्या त्या कागदावरच ठेवून निघून गेल्या. कागदावर गोल डाग उठला. मी चिडले. आजोबा म्हणाले, "जाऊ दे गं, कागद जुना दिसतो त्याने."

पुढची कामगिरी तुमच्या बाबाची. तो तेव्हा नुकताच अमेरिकेला गेलेला. मी इंग्रजीत दोन पानं टंकून पाठवली. त्यात नारो आणि गणू हे भाऊ, घाटातला अंधार, चुकलेली वाट, सगळं होतं. (घाट मी घातला. नुसता रस्ता असता तर हरवणं पटलं नसतं.) त्याने ती इंटरनेटवर चढवली. सहा महिन्यांनी इंदूरहून एका गृहस्थांचा ई-मेल आला: आमचे मूळपुरुष गणू, ते कुठून आले कोणालाच ठाऊक नव्हतं, आज तुमच्यामुळे कळलं.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तो वाचून मी रडले. आजोबा म्हणाले, "गणू नावाची माणसं काय कमी असतात का?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

इंदूरकर आले. अकरा जण, पेढ्यांचे खोके आणि चौकटीत बसवलेलं गणूचं चित्र घेऊन. चित्र त्यांनी अंदाजाने काढून घेतलं होतं. आजोबाही फितले. "कान बघ," म्हणाले, "कान आपलेच." आम्ही पाहुण्यांना हार घातले, सगळ्यांनी गळाभेटी घेतल्या, आणि इंदूरकर आजोबांना 'दादा' म्हणू लागले.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"यो कोन?"

"तुमचे काका, आत्याबाई. हरवलेले गणूकाका."

"माज्या बापसाला भाऊस नव्हता."

"कागदावर आहे. नारो बिन गणू."

"अगो, बिन म्हंजे पोरगा. गनूचा पोरगा नारो. बापसासंगती मी कल्याणला कोर्टान जायची, तवा पट्टेवाला वरडायचा, नारो बिन गनू हाजीर हो. गनू माजा आजा. गावानच मेला, घरान. कंदी हरवला?"

इंदूरकरांच्या सूनबाईंनी गळ्यातला हार हळूच काढून खुर्चीवर ठेवला. त्यांचे म्हातारबाबा म्हणाले, "मग आम्ही कोण?" चित्र ते परत घेऊन गेले. पेढे राहिले.

जाताना आत्याबाईंनी दारात विचारलं, "आयचा नाव घावला काय गो?"

"नाही," मी तुटकपणे म्हणाले. अक्षरओळखही नसलेल्या बाईने माझं मराठी दुरुस्त केलं होतं. मी फाइल माळ्यावर टाकली. ती दुसरी ओळ मी त्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवली असती, तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

दीड वर्षाने ठाण्याच्या बाजारात मोडीवाले गृहस्थ भेटले. मी जरा खोचकपणे म्हणाले, "तुमच्या बिनने फार घोळ घातला."

"मी अर्थ सांगतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "बिन म्हणजे मुलगा आणि कोम म्हणजे बायको. जुन्या कागदांत दोनच शब्द कळले की घर कळतं."

मी हातातली मेथी तिथेच विसरून घरी आले. स्टुलावर चढून फाइल काढली. चंद्री कोम नारो. नारोची बायको चंद्री. नाव माझ्याच पेन्सिलीच्या फुलीखाली होतं, आणि त्याच्याभोवती आत्याबाईंच्या कपाचा गोल डाग. नेमका त्या नावावर त्यांनी कप ठेवला होता.

आत्याबाईंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

मी बाबाला चूक कळवली. त्याने साइट काढून टाकली, पण तोवर इतरांनी ती आपापल्या साइटवर उतरवून घेतली होती, घाटासकट. गणू आजही त्या घाटात हरवतोच आहे.

शिल्लक आहे ते एवढंच. डागाचा कागद माझ्या कपाटात, डाव्या कप्प्यात आहे. फुली खोडरबराने पुसली, तिचा वळ राहिला आहे. शेजारी मी केलेली वंशावळ आहे. एका पानात बसलेली, स्वच्छ अक्षरातली, चार पिढ्यांची. तिच्यात चंद्री नाही, आत्याबाई नाहीत, आणि नियमाप्रमाणे मीही नाही.

तुमची आजी