शेवटच्या न्यायाचं पाठांतर

श्रूजबरीचं घर विकायला काढलंय, म्हणून काल गराज आवरायला घेतलं. लेकीच्या, ईराच्या शाळेच्या खोक्यातून दमट पुठ्ठ्याचा वास आला आणि तळाशी तिच्या पाठांतराच्या कवितेचा कागद सापडला.

ईरा तेव्हा सातवीत होती. इथे अमेरिकेत सुरुवातीला येऊन वसलेल्या कर्मठ ख्रिस्ती, प्युरिटन लोकांची, देवाच्या शेवटच्या न्यायनिवाड्यावरची कविता तिला वर्गात म्हणून दाखवायची होती. पाठांतर म्हटलं की मला चेव यायचा. लहानपणी श्लोकांच्या स्पर्धेत बक्षिसं घेतलेली मी! बाहेर बर्फ पडत होता, कुकरमध्ये वरण शिजत होतं आणि मी ओट्यावर लाटणं आपटून ताल देत होते. अर्थाकडे माझं लक्षच नव्हतं.

एका कडव्यापाशी ती थांबली. जन्मताच गेलेली तान्ही बाळं त्यात देवासमोर उभी होती, आणि देव त्यांनाही नरकात पाठवत होता.

"आई, आपलं बेबी पण?"

तिचा भाऊ दोनच दिवस जगला होता. त्याला जाऊन महिना झाला होता. घरात त्याचा विषय मी कुणाला काढू देत नव्हते.

"मध्येच अडखळू नकोस," मी म्हणाले. "परत पहिल्यापासून म्हण."

तिनं म्हटली, एकदाही न चुकता. भावाबद्दल तिनं मला पुन्हा कधीच काही विचारलं नाही.

कागदाच्या समासात, त्या कडव्याशेजारी, पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलंय: इथे थांबायचं नाही.