बारावी खुर्ची

पोपवरची श्रद्धा आणि पुरुषांवरचा संशय एकाच पिशवीत घेऊन हिंडणारी बाई अख्ख्या जळगावात एकच, आमच्या शेजारच्या अक्का. मूळच्या शिरपूरकडच्या, निवृत्त नर्स, जन्माने कॅथलिक. चर्चमध्ये वाचनाची पाळी आली की बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं हा भाग त्या इंजेक्शन टोचावं तसा झटकन उरकतात. नवऱ्याने बायकोवर जीव टाकावा हा भाग मात्र, मागच्या बाकांना ऐकू गेला नसेल म्हणून, दोनदा वाचतात. आमच्यात लग्न मोडत नाही, असं एका दारुड्याने त्यांना ऐकवलं, तेव्हा अक्का त्याच्या बायकोला म्हणाल्या, "नको मोडू. आतून कडी लाव."

मी प्राध्यापक, नास्तिक आणि स्त्रीमुक्तीवर भाषणं देणारा. "जो धर्म तुम्हाला वेदीवर उभं राहू देत नाही, त्यात राहता कशाला?" मी विचारायचो. "माहेरचे चुकतात म्हणून मी आडनाव टाकू का, भाऊ?" त्या म्हणायच्या.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. इथल्या चर्चमध्ये त्या बारा खुर्च्यांवर कायम पुरुष. पाणी कोमट करायचं आणि टॉवेल धरायचा, ते वर्षानुवर्षं अक्कांनी. रोमहून बायकांनाही परवानगी आली. इथली कमिटी म्हणाली, लेखी अर्ज द्या. अक्का माझ्याकडे आल्या. "तुमचं मराठी चांगलं. लिहा."

"पाय धुऊन घ्यायला अर्ज?" मी हसलो.

त्या चिडल्या की अहिराणीवर येतात. "तुमना लगनमा पाय कोनी धुयात?"

सासूबाईंनी. उकिडवं बसून. समतेवर मी तेव्हाही बोलायचो. "लिहितो," म्हणालो.

लिहिला नाही. महिला दिनाच्या भाषणात मात्र तो किस्सा नाव न घेता रंगवला: मुक्तीसाठी एक बाई पाय पुढे करते आहे! सभागृह खदखदून हसलं. दुसऱ्या रांगेत अक्का बसल्या होत्या. मीच आग्रहाने बोलावलं होतं.

अर्जाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या गुरुवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बारापैकी एक गृहस्थ आलेच नाहीत. फादरांनी रिकाम्या खुर्चीकडे हात करून अक्कांना खुणावलं. टॉवेल घेऊन त्या दोन पावलं पुढे गेल्याही. मग त्यांना मी दिसलो. त्या थांबल्या, साडीचा काठ पावलांवर ओढून घेतला आणि मागे फिरल्या.

अर्ज आता लिहून तयार आहे. इतकं सरळ मराठी मी आयुष्यात लिहिलेलं नाही. अक्का रोज सकाळी पेपर न्यायला येतात, नेहमीसारख्या बोलतात. मी पेपर देतो. अर्ज खणातच राहतो.