आग्याचे केस

समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत टाक्या धुणाऱ्या मावशींना त्यांची सून ‘किडेवाल्या आई’ म्हणायची, तेही तोंडावर. मावशी हसायच्या. उभा जन्म तिथल्या केसाळ किड्यांची सरबराई करण्यात गेलेला. अंगाच्या वळ्यावळ्याला पायांसारखी झालर आणि झालरीत केसांचे झुपके, एवढं बहुतेकांत सारखं; बाकी एकासारखा दुसरा नाही. कोणी वाळूचा कण न् कण चिकटवून नळी बांधतो, कोणी नळीतून पिसांचा तुरा काढून बसतो आणि सावली पडली की आत पळतो, कोणी चिखल गिळून मागे ढिगारे रचतो.

धाक फक्त आग्या नावाच्या किड्याचा. रंगाने देखणा, पण डिवचला की पांढरे झुपके फुलवतो. काचेसारखे ठिसूळ, विषारी केस. कातडीत शिरून मोडतात आणि नुसता भडका उडतो. म्हणून त्याची टाकी धुतली की मावशी हातमोज्यांवर चिकटपट्टी दाबून ओढायच्या, केस पट्टीवर निघून यायचे आणि पट्टी झाकणाच्या डब्यात जायची.

आज डबा गच्च भरला होता. ‘जाताना टाकू,’ म्हणत मावशींनी पट्टी एप्रनच्या खिशात कोंबली, आणि ती विसरून एप्रन धुवायला घरी आणला.

संध्याकाळी त्या भाजी निवडत होत्या. नात दारात उभी राहिली.

“आजी, मी पेशंट!”

गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, एप्रनच्या खिशातली ती चुरगळलेली पट्टी.

मावशी ताडकन उठल्या. “हात खाली! डोळ्याला लावू नकोस!”

पोर दचकली, रडायला लागली, आणि रडताना करायचं तेच करायला तिचा हात वर गेला. मावशींनी झेप घेऊन मनगटं पकडली. ओरडा ऐकून सून धावत आली.

“अहो आई, काय करताय तिला?”

“हिचे हात धर. सोडू नकोस. मग तुला हवं ते मला बोल.”

मावशींनी ती पट्टी चिमट्याने उचलली. गालावर लाल चट्टा. नवी पट्टी दाबली, ओढली. पुन्हा दाबली, ओढली. प्रत्येक वेळी पोर किंचाळायची आणि सुनेचा चेहरा पांढरा पडत जायचा.

“काय आहे त्यावर? आई, डोळ्यात गेलंय का?”

“दिसत नाही गं. तेच तर...”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मावशी बाहेर बाकावर, हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. त्या हातांनी सून पुन्हा पोरीला घास भरवू देईल का, हे विचारायचीही हिंमत नव्हती. सून बाहेर आली.

“डोळा स्वच्छ आहे. गालाला मलम दिलंय.”

मावशींना रडू फुटलं. नात आजीकडे झेपावली, सुनेने तिला मागे ओढलं. तिला कडेवर घेऊन ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावरून आल्या. सून उंबऱ्यातच चिकटपट्टी घेऊन उभी.

“एप्रन?”

“तिथेच ठेवला. आता तिथेच धुईन.”

“हात.”

मावशींनी तळवे पुढे केले. सुनेने पट्टी दाबली, ओढली, खिडकीच्या उजेडात धरली. दोघी डोळे ताणून बघत राहिल्या. पट्टीवर काही दिसत नव्हतं.

“आणखी एकदा लाव,” मावशी म्हणाल्या.