नातसुनेनं मोहिनी घातली म्हणे

मंडळी, घाईघाईनं इथं विचारते.

फौजेतला माझा नातू लग्नासाठी रजेवर मेढ्याला घरी आलाय. रजा संपत आली तरी बॅग भरायचं नाव नाही. मघाशी माझी सून म्हणाली, "आवं आत्या, त्या पोरीनं मोहिनी घातलीया त्याला. लिंबू उतरवून टाकते."



एकाहत्तरच्या लढाईआधी मलाही हेच ऐकावं लागलं होतं. मालक रजेवर आले होते आणि त्यांचा पाय निघत नव्हता. देवळात कीर्तनात मोहिनीची कथा निघाली की बाया वळून माझ्याकडं बघायच्या. सासूबाईंनी लिंबू उतरवलं, मला माहेरी धाडलं. भीतीनं मालकांचा हात कापायचा, चहाची बशी खडखडायची. तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मालक लढाईवर गेले आणि मागनं ते गेल्याची तार आली. तेव्हा लेक माझ्या पोटात होता.

आज नातवाची बशी खडखडली.

सून लिंबू आणायला गेलीय. नातसून आत रडतेय. मी एका हातानं हे लिहितेय, दुसऱ्या हातात त्याचा हात हाय.

काय विचारू त्याला? लवकर सांगा.