आक्काला लेखक ओळखू यायचे

“नाव नका सांगू, गुरुजी,” म्हणत आक्का मुखपृष्ठावरच्या नावावर तळहात ठेवायची आणि मधलंच एखादं पान उघडायची. ओठ हलवत दहा-बारा ओळी वाचायची. मग मान डोलवायची. “हाऊ तोच शे. मागच्या महिन्यातला.” हात काढला की खरोखर तोच लेखक निघायचा.

नव्वदच्या दशकात मी सुरतेला, नवागामच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. रविवारी सकाळी एका वर्गात वाचनालय चालवायचो. दोन कपाटं, तेवढंच. आक्का खानदेशातून आलेली, लूमच्या कारखान्यात बॉबिन भरणारी. शिक्षण सातवी. मी मराठीत एम.ए. आणि वर कथा लिहिणारा. मला तिचं कौतुक वाटत असेल असं तुम्ही धरून चालाल. मला हेवा वाटायचा.

एकदा तिला मी मुद्दाम मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक दिलं. आठवड्याने म्हणाली, “याची माणसं घरात शिरायच्या आधी चारदा कडी वाजवतात. स्वतःच्या घरातसुद्धा! मागे नेलेलं ते हिरवं पुस्तक याचंच ना?”

त्याचंच होतं. या लेखकाच्या शैलीवर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. ती कडी मला कधी ऐकू आली नव्हती.

त्या दिवाळीत वाचनालयाच्या आमच्या मंडळाने हस्तलिखित अंक काढला. त्यात मी माझी एक कथा नाव न घालता ठेवली, अक्षरही दुसऱ्याचं. आक्काने खिडकीशी उभं राहून ती वाचली.

“ही तिघांनी मिळून लिहिली का हो?”

“का?”

“सुरुवात त्या कडीवाल्याची. मधली नदी आणखी कुणाची. शेवटचं रडणं तिसऱ्याचं. लिहिलंय झकास, पण लिहिणारा घरी नाही.” मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “एवढं मात्र जिवंत आहे. कुणाचं ते कळत नाही.”

ओळ अशी होती : ‘सासू गेली, पण तिचा आवाज माझ्या तोंडात राहिला.’

ती ओळ आक्काचीच होती. सुनेवर ओरडून आल्याचं सांगताना एका रविवारी ती सहज बोलून गेली होती. मी घरी जाऊन लिहून ठेवली. आक्काने ओळीवर बोट ठेवलं तेव्हाच सांगायला हवं होतं. “असेल कुणा नव्या माणसाचं,” असं म्हणून मी तिच्या हातातून अंक काढून घेतला.

पुढच्या वर्षी तिच्या मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला घर घेतलं आणि तिचं येणं थांबलं. मला चैन पडेना. एके दिवशी मी तिकडे गेलो. दारात बसून ती साडीवर टिकल्या चिकटवत होती. मी सगळं सांगून टाकलं. कथा माझी, ओळ तुमची.

ती हसतच सुटली. “मी? छे! मी बोलते ते भांडण. हे लिहिणाऱ्याचं आहे, गुरुजी.”

मी पुन्हा सांगितलं. तिने मानलं नाही, चहा मात्र केला. मीही जोर लावला नाही. ओळ माझ्याकडेच राहिली म्हणून मला बरं वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते.

ती कथा असलेला माझा संग्रह निघाला तेव्हा आक्का नव्हती. मी एक प्रत तिच्या मुलाला नेऊन दिली. नातवंडं गुजराती शाळेत, मुलगा-सून अंगठेबहाद्दर. मुलाने पुस्तक कपाळाला लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि देवाजवळ ठेवलं. त्या घरात ते उघडणारं आता कुणी नव्हतं.